पाहुणा ‘कॅन’ म्हणाला की ‘कान्ट’? बोलण्यातल्या इंग्रजीचे शॉर्ट फॉर्म

मालवण-तारकर्ली भागात होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: शाळेत शिकलेलं इंग्रजी वाचता येतं, थोडंफार बोलताही येतं. पण परदेशी पाहुणे ‘आय’ड’, ‘वी’व्ह’, ‘इट’ल’ असं भरभर बोलतात तेव्हा धागा सुटतो. ‘कॅन’ म्हणाले की ‘कान्ट’, तेही कळत नाही. आणि आपण स्वतः असे शॉर्ट फॉर्म वापरावेत का, की ते उद्धट वाटतं?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बोलताना आणि व्हॉट्सॲपवर बिनधास्त वापरा. त्यात उद्धटपणा अजिबात नाही. उलट ‘आय डू नॉट नो’ असं एकेक शब्द सुटा करून म्हटलं, तर समोरच्याला वाटतं की बाई वैतागल्या आहेत. ‘आय डोन्ट नो, बट आय’ल आस्क’ हे साधं, आपुलकीचं बोलणं झालं. मात्र जिथे नकार जिवाशी किंवा पैशाशी निगडित आहे, तिथे शॉर्ट फॉर्म मोडायचा आणि ‘नॉट’ वेगळं, ठळक म्हणायचं. याचं कारण पुढे येईलच.

हा प्रकार आपल्याला परका नाही. ‘मी आलो आहे’ असं घरात कोण म्हणतं? ‘आलोय’ म्हणतो. ‘जेवण झालंय’, ‘पाहुणे बसलेत’, ‘काय करतेयस’, या सगळ्यात ‘आहे’ आक्रसून क्रियापदाला चिकटला आहे. ग्रामपंचायतीच्या अर्जात मात्र आपण ‘विनंती करत आहे’ असंच लिहितो, ‘करतोय’ लिहीत नाही. इंग्रजीत ‘आय ॲम’चं ‘आय’म’ होतं ते याच रीतीने, आणि कुठे चालतं, कुठे नाही, याचा अंदाजही साधारण हाच ठेवा. ज्या कागदावर तुम्ही मराठीत ‘करतोय’ लिहिणार नाही, त्यावर इंग्रजीत ‘आय’म’ लिहू नका.

आपल्याला अडचण येते ती नकारात. मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो आणि दणक्यात येतो: ‘आज बोट जाऊ शकत नाही.’ बोलीत ‘नाय’ झालं तरी ते ऐकू येतंच. त्यामुळे आपला कान शेवटी ‘नाही’ येईल म्हणून वाट बघतो. इंग्रजीत ते ‘नॉट’ वाक्याच्या मध्येच, छोट्या क्रियापदाला ‘न्ट’ होऊन चिकटतं, आणि त्यातला ‘ट’ही बऱ्याचदा गिळला जातो. वाक्य संपतं, आपला कान रिकामाच राहतो आणि आपण होकार समजून बसतो.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’चंच बघा. ब्रिटिश पाहुण्याचं ‘कान्ट’ लांब ‘आ’चं असतं, ते ओळखायला सोपं. अमेरिकन पाहुणा ‘कॅन्ट’ म्हणतो आणि ‘ट’ घशातच अडवतो. तेव्हा ‘ट’ शोधत बसू नका, जोर कुठे पडतो ते ऐका. होकार असेल तर ‘कॅन’ जवळजवळ ‘कन्’ इतकं बारीक होतं आणि सगळा जोर पुढच्या क्रियापदावर जातो: ‘वी कन् *गो* टुमॉरो’. नकार असेल तर जोर दोन ठिकाणी पडतो: ‘वी *कॅन्* *गो* टुमॉरो’, आणि ‘कॅन्’नंतर किंचित अडखळल्यासारखा थांबा येतो. म्हणजे ‘कन्’ हलकं ऐकू आलं तर होकार, ‘कॅन्’ भरीव ऐकू आलं तर बहुधा नकार. एक अपवाद आहे: वाक्य ‘कॅन’वरच संपत असेल (‘यस, वी कॅन’) तर होकारातही तो भरीवच असतो. तिथे पुढच्या-मागच्या ‘यस’-‘नो’वर भरवसा ठेवा.

याचीच उलटी बाजू आपल्या बोलण्यात दिसते आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. आपण मराठी माणसं प्रत्येक शब्द सारख्याच वजनाने उच्चारतो. ‘वी *कॅन* टेक यू टू द फोर्ट’ असं भरीव ‘कॅन’ म्हटलं की अमेरिकन पाहुण्याला ते ‘कॅन्ट’ वाटू शकतं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेता येईल असं सांगायला जावं आणि त्याने चेहरा पाडावा, असं होतं ते यामुळे. उपाय दोन आहेत. एक तर ‘कन्’ हलकं म्हणा. नाहीतर सरळ ‘यस, वी कॅन’ आधी म्हणा आणि मग बाकीचं वाक्य सांगा.

समुद्राच्या बाबतीत तर शॉर्ट फॉर्मवर काहीच सोडू नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली ओढ, ओहोटीच्या वेळचा प्रवाह, गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर पाण्याचं अचानक खोल होणं, हे पाहुण्याला माहीत नसतं. ‘यू कान्ट स्विम हिअर’मधला ‘ट’ वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात गेला, तर त्याला ‘यू कॅन स्विम हिअर’ ऐकू जाईल. म्हणून म्हणायचं: ‘डू नॉट स्विम हिअर. इट इज डेंजरस.’ ‘नॉट’वर जोर, सोबत हाताने आडवी खूण. ‘नो बोट टुडे, द सी इज रफ’ हेही चालेल, कारण ‘नो’ पहिल्याच शब्दाला येतं. जर्मन, फ्रेंच, रशियन पाहुण्यांनी इंग्रजी तुमच्यासारखंच शिकून घेतलेलं असतं, त्यांचीही याच ठिकाणी गल्लत होते. त्यांच्याशी पूर्ण रूपं वापरणं केव्हाही बरं.

‘वोन्ट’ आणि ‘वॉन्ट’ ही दुसरी जोडी. पहिलं ‘विल नॉट’चं आहे, दुसरं ‘हवं आहे’चं. आपल्याकडे दोन्ही सरसकट ‘वॉन्ट’ उच्चारले जातात. ‘वोन्ट’मध्ये ओठ गोल होऊन ‘ओ’ लांबतो आणि शेवटी ‘उ’कडे झुकतो, ‘वोउन्ट’ असा. ‘वॉन्ट’मध्ये तोंड उघडंच राहतं. कान साथ देत नसेल तर पुढचा शब्द बघा: ‘वॉन्ट’नंतर एखादी वस्तू तरी येते किंवा ‘टु’ तरी. ‘वोन्ट’नंतर थेट क्रियापद येतं. ‘वी वॉन्ट टु ईट’ म्हणजे जेवायचं आहे. ‘वी वोन्ट ईट’ म्हणजे जेवणार नाही. पानं मांडण्याआधी एवढं ऐकून घ्या. (‘विल नॉट’चं ‘विलन्ट’ न होता ‘वोन्ट’ का झालं, असं कोणी विचारलं तर: जुन्या इंग्रजी बोलीत ‘विल’चं ‘वोल’ असं एक रूप होतं, त्याच्या नकारातून हे आलं.)

नकाराचा तिसरा सापळा प्रश्नात असतो. पाहुणा विचारतो, ‘इझन्ट द बोट कमिंग?’ बोट येणार नसेल तर मराठी मन म्हणतं, ‘हो, नाही येणार’, आणि तोंडून निघतं ‘यस’. इंग्रजीत ‘यस’ म्हणजे बोट येतेय. पाहुणा जेटीवर उन्हात उभा राहतो. इंग्रजीत प्रश्न कसाही विचारलेला असो, गोष्ट होणार असेल तर ‘यस’, नसेल तर ‘नो’. नुसतं ‘यस’-‘नो’ न म्हणता शेपूट जोडायची सवय लावून घ्या: ‘नो, इट इझन्ट’, ‘यस, इट इज’. ‘डोन्ट यू हॅव प्रॉन्स?’ याला ‘नो, वी डोन्ट’ किंवा ‘यस, वी डू’. मग गैरसमज व्हायला जागाच उरत नाही.

आता होकारातले शॉर्ट फॉर्म. इथे घोळ दोनच अक्षरांचा आहे: शेवटी येणारा ‘स’ आणि शेवटी येणारा ‘ड’. एक मेसेज घेऊ, तुम्हाला येतात तसाच:

‘हाय! वी’र रनिंग लेट. वी’ड प्लॅन्ड टु रीच बाय सिक्स, बट द ट्रेन’स डिलेड. इट’स बीन स्टँडिंग ॲट रत्नागिरी फॉर ॲन अवर. वी’ड लव्ह सम डिनर इफ इट’स नॉट टू मच ट्रबल. माय वाइफ कान्ट हॅव शेलफिश. शी’ड बी फाइन विथ दाल-राइस.’

यात ‘ड’ तीनदा आलाय. तो ‘हॅड’ आहे की ‘वुड’, हे त्याच्या पुढचा शब्द सांगतो. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर ‘हॅड’: ‘वी’ड प्लॅन्ड’ म्हणजे ‘आमचं ठरलं होतं’. पुढे साधं पहिलं रूप असेल तर ‘वुड’: ‘वी’ड लव्ह’ म्हणजे ‘आवडेल’, ‘शी’ड बी’ म्हणजे ‘तिला चालेल’. दोन जोड्या पाठच करून टाका: ‘आय’ड बेटर’मध्ये नेहमी ‘हॅड’, ‘आय’ड रादर’मध्ये ‘वुड’. ‘कम’, ‘कट’, ‘पुट’ यांचं पहिलं आणि तिसरं रूप एकच, त्यामुळे ‘ही’ड कम’ दोन्हीकडे जाऊ शकतं. तिथे अर्थ मागच्या वाक्यावरून काढायचा. आणि ‘व्हेअर’ड यू गो?’ मधला ‘ड’ या दोन्हींपैकी कोणी नाही, तो ‘डिड’ आहे.

‘स’चंही तसंच. ‘ट्रेन’स डिलेड’मध्ये ‘इज’, ‘इट’स बीन’मध्ये ‘हॅज’, ‘इट’स नॉट’मध्ये पुन्हा ‘इज’. पुढे ‘बीन’ किंवा ‘गॉट’ दिसलं की डोळे झाकून ‘हॅज’ समजा. ‘द टाइड’स कमिंग इन’ म्हणजे भरती येतेय, ‘इज’. ‘द टाइड’स गॉन आउट’ म्हणजे ओहोटी लागून पाणी गेलंय, ‘हॅज’. तिसऱ्या रूपाआधी कधी ‘इज’ असतो तर कधी ‘हॅज’, पण ऐकताना त्याची चिंता नको: बहुतेक वेळा दोन्हीकडे मराठी अर्थ ‘झालंय’, ‘गेलंय’ असाच निघतो. ‘लेट’स गो’मधला ‘स’ मात्र ‘अस’चा, ‘चला जाऊ’. आणि ‘द बोटमन’स फोन’मध्ये शॉर्ट फॉर्मच नाही, ती मालकी आहे: नाखव्याचा फोन.

मेसेजमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र ‘कान्ट हॅव शेलफिश’ ही आहे. ‘शेलफिश’ म्हणजे कवचवालं सगळं: कोळंबी, कुर्ल्या, शेवंड, तिसऱ्या, कालवं. आपल्याकडे जवळ्याची किंवा सोड्यांची चिमूट कुठल्याही भाजीत, चटणीत जाते, ती त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. याचं उत्तर लिहिताना शॉर्ट फॉर्म बाजूला ठेवा: ‘नो प्रॉब्लेम. डिनर विल बी रेडी. वी विल नॉट यूज एनी प्रॉन्स, क्रॅब ऑर ड्राइड श्रिम्प इन हर फूड. इज इट ॲन ॲलर्जी?’ तळण्याचं तेल आणि कालथाही वेगळा लागेल का, हे लगेच विचारून घ्या.

बोलण्यात सगळ्यात जास्त उपयोग ‘ल’चा होतो, म्हणजे ‘विल’चा. समोर गरज दिसली आणि तुम्ही त्याच क्षणी काही देऊ केलंत, की इंग्रजीत ‘आय’ल’ येतं: ‘आय’ल गेट सम वॉटर’, ‘आय’ल कॉल अ रिक्षा’, ‘वी’ल वेट फॉर यू ॲट कुडाळ स्टेशन’. आपण इथे ‘आय ॲम गेटिंग’ नाहीतर ‘आय गेट’ म्हणतो, ते कानाला खटकतं. ‘आय विल गेट’ चुकीचं नाही, पण त्यात शपथ घेतल्याचा सूर येतो. उच्चार ‘आय-विल’ असा दोन तुकड्यांत नको, ‘आइल’ असा एका दमात. ‘इट’ल’चा ‘इटल’, ‘दॅट’ल’चा ‘दॅटल’. ‘दॅट’ल बी टू थाउजंड’ असं पाहुणाच हिशोब करताना म्हणाला तर तो भविष्यकाळ सांगत नाही, ‘म्हणजे दोन हजार झाले ना’ एवढंच विचारतो.

स्वतः वापरायला सुरुवात करायची तर पाच घ्या: ‘आय’म’, ‘इट’स’, ‘दॅट’स’, ‘आय’ल’, ‘डोन्ट’. घरगुती पाहुणचारातलं बरंचसं बोलणं यांत भागतं. ही तोंडात बसली की ‘वी’र’, ‘देअर’स’, ‘डझन्ट’, ‘डिडन्ट’ आपोआप येतात. ‘शान्ट’ (‘शॅल नॉट’) आणि ‘एन्ट’ (‘ॲम नॉट’, ‘इज नॉट’, ‘आर नॉट’ यांच्या जागी येणारं) ओळखता आले तरी पुरे, वापरू नका. पहिलं जुनाट वाटतं, दुसरं अडाणी समजलं जातं. ‘मस्ट नॉट’च्या शॉर्ट फॉर्ममध्ये पहिला ‘ट’ मुका असतो, उच्चार ‘मसन्ट’. आणि त्याचा अर्थ सक्त मनाई. ‘आत्ता पैसे द्यायची गरज नाही’ म्हणायचं असेल तर ‘यू डोन्ट हॅव टु पे नाउ’ म्हणा. ‘यू मसन्ट पे’ म्हटलं तर बिचारा पाकीट घाईने आत ठेवेल.

एक नियम मोडला की परदेशी कानाला लगेच टोचतो. होकाराचा शॉर्ट फॉर्म वाक्याच्या शेवटी येत नाही. ‘आर यू द ओनर?’ याला ‘यस, आय ॲम’, ‘यस, आय’म’ नाही. ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’, इथेही ‘ही’ज’ नाही. कारण सोपं आहे: शेवटच्या शब्दावर जोर पडतो, आणि जोर पडलेला शब्द आक्रसत नाही. नकाराचे शॉर्ट फॉर्म मात्र शेवटी चालतात: ‘नो, आय कान्ट’, ‘नो, वी डोन्ट’. तसंच ‘हॅव’ मालकीच्या अर्थी असेल तर तो पूर्ण ठेवा, ‘वी हॅव टू रूम्स’. ‘वी’व्ह टू रूम्स’ ऐकायला विचित्र लागतं. ‘वी’व्ह गॉट टू रूम्स’ चालतं.

लिहिताना अडतं ते वरच्या स्वल्पविरामापाशी, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफीपाशी. जे अक्षर गळलं त्याच्या जागी तो बसतो. ‘डोन्ट’मध्ये ‘नॉट’मधला ओ गळला, म्हणून चिन्ह एन आणि टी यांच्या मध्ये; डी-ओ नंतर नाही. चिन्ह गाळलं तर काही शब्दांचा वेगळाच शब्द होतो. ‘वी’ल’चं ‘वेल’ म्हणजे विहीर होते, ‘आय’ल’चं ‘इल’ म्हणजे आजारी, ‘वी’र’चं ‘वर’ म्हणजे ‘होतो’, ‘शी’ड’चं ‘शेड’ म्हणजे पत्र्याची शेड. स्पेलिंग दोन्हीकडे बरोबर असल्यामुळे फोनला यात चूक दिसेलच असं नाही, नजर तुमचीच हवी. ‘इट’स’ आणि चिन्ह नसलेलं ‘इट्स’ यांत शंका आली तर मनात ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून बघा. वाक्य जुळलं तर चिन्ह द्या. नाही जुळलं तर तो ‘त्याचं, तिचं’ अर्थाचा शब्द, चिन्ह नको. ‘यू’र’ आणि ‘युअर’ची परीक्षाही ‘यू आर’ वाचूनच होते.

पाट्यांबद्दल कळकळीने सांगते. रस्त्याच्या कडेला ‘रूम’स अव्हेलेबल’, ‘बोट’स’, ‘स्कूबा’स’ अशा पाट्या दिसतात. अनेकवचनात ॲपॉस्ट्रॉफी नसतो, नुसता एस पुरे. पेंटरला तोंडी सांगू नका, कागदावर नीट लिहून द्या, तो समोर दिसेल तसंच रंगवतो. आणि किनाऱ्यावरच्या, पायऱ्यांवरच्या, विहिरीजवळच्या सूचनांवर ‘डोन्ट’ऐवजी ‘डू नॉट’ मोठ्या अक्षरात. लांबून वाचताना ‘नॉट’ वेगळा दिसला पाहिजे.

पूर्ण रूपं हवीत अशा जागा आणखी थोड्या आहेत. बुकिंग रद्द करण्याच्या अटी (‘ॲडव्हान्स इज नॉट रिफंडेबल’), बँकेला किंवा पर्यटन खात्याला लिहिलेली पत्रं, परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांत ऑनलाइन भरायचा त्याच्या मुक्कामाच्या नोंदणीचा फॉर्म आणि त्यासंबंधीचा पत्रव्यवहार. तक्रारीला उत्तर देतानाही जपून. तिथे ‘वी डिड नॉट’ लिहिलं की सूर भांडणाचा होतो आणि ‘वी डिडन्ट’ लिहिलं की हलगर्जीपणाचा. म्हणून नकार टाळून काय केलं तेच सांगा: ‘वी चेंज्ड द शीट्स ॲट टेन’.

राहता राहिले ‘गॉना’, ‘वॉना’, ‘गॉटा’, ‘लेमी’, ‘डनो’. हे ‘गोइंग टु’, ‘वॉन्ट टु’, ‘गॉट टु’, ‘लेट मी’, ‘डोन्ट नो’ यांचे घाईतले उच्चार. ऐकून ओळखा, लिहिण्यात आणू नका. बोलायचा मोह झालाच तर एवढं लक्षात ठेवा: ‘गॉना’च्या पुढे क्रियापद लागतं, गाव चालत नाही. ‘आय’म गॉना कुक’ बरोबर, ‘आय’म गॉना मालवण’ चूक. ‘ज्यू हॅव फिश करी?’ असं ऐकू आलं तर गोंधळू नका, ते ‘डू यू हॅव’ आहे. ‘वुज्यू’ म्हणजे ‘वुड यू’. ‘शुड ऑव्ह’ वाटतं ते ‘शुड हॅव’; इंग्रज माणसंसुद्धा ते चुकीचं लिहितात, तुम्ही त्यांची नक्कल करू नका.

सराव घरबसल्या होतो. फोनमध्ये पडलेले पाहुण्यांचे मेसेज काढा, प्रत्येक शॉर्ट फॉर्म मोठ्याने पूर्ण करून वाचा, मग तोच पुन्हा आक्रसून वाचा. ‘कॅन’-‘कान्ट’साठी फोनचं बोलून टाइप करायचं बटण कामाला लावा: भाषा इंग्रजी ठेवून ‘वी कॅन गो टुडे’ आणि ‘वी कान्ट गो टुडे’ आलटून पालटून म्हणा, आणि फोन काय टाइप करतो ते बघा. वाक्य इतकंच साधं ठेवा. लांब वाक्य दिलंत तर फोन पुढच्या-मागच्या शब्दांवरून अंदाज बांधतो आणि तुमच्या उच्चाराची परीक्षा होत नाही. दोन्ही वाक्यं बिनचूक यायला लागली की ‘वोन्ट’-‘वॉन्ट’ची जोडी घ्या.